वेष्टनासकट गोळी

आमच्या यजमानांनी रक्तदाबाची गोळी वेष्टनासकट गिळली, त्या दिवशी रविवार होता आणि चूक माझी होती.

जयवंतरावांचा यात फारसा दोष नाही. ते आयुष्यभर उदबत्तीच्या कारखान्यात वास पारखायच्या कामावर होते. डोळे मिटून चंदन कुठलं आणि भेसळ कुठली ते सांगतील. डोळे उघडे ठेवून मात्र, तेही चष्म्याशिवाय, त्यांना गोळी आणि गोळीचं वेष्टन यांतला फरक कळत नाही. आणि ती गोळी वेष्टनात होती, कारण मी निवृत्त शिक्षिका आहे. निवृत्त शिक्षिकेला घरात शिस्त लावायला दोनच गोष्टी उरतात, नवरा आणि औषधं. मी सात वारांचे सात कप्पे असलेली एक डबी आणली होती. गोळ्यांची पट्टी त्या कप्प्यांत मावेना, म्हणून कात्री घेऊन बसले आणि एकेक गोळी चौकोनी कापून काढली. प्रत्येक गोळी आपापल्या चंदेरी कपड्यात, चार टोकदार कोपऱ्यांसह. "अशाने गोळी सादळत नाही," असं मी त्यांना समजावूनही सांगितलं होतं. फळ्यावर लिहून द्यायचंच तेवढं बाकी होतं.

त्या सकाळी त्यांचा चष्मा माझ्या हातात होता. काचेवर डाग होते म्हणून मी तो पदराने पुसत होते (म्हणजे दुसरी चूकही माझीच).

"गोळी घेतली का?" मी विचारलं.

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, मान डोलावली, आणि मग ती मान तशीच अर्ध्यावर थांबली. हात गळ्याकडे गेला.

"टोचतंय," ते म्हणाले.

पुढचे कित्येक तास हाच त्यांचा शेवटचा शब्द होता. मी डबीतला रविवारचा कप्पा पाहिला, तो रिकामा. टेबलावर वेष्टन नाही, जमिनीवर नाही, त्यांच्या मुठीत नाही.

"वेष्टन कुठंय?"

त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं.

घशात काही अडकलं की केळं द्यायचं, एवढं वैद्यकीय ज्ञान आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ताटात नंजनगूडची रसबाळे केळी होती, चांगली पिकलेली. पहिलं केळं कसंबसं गेलं. दुसरं अर्ध्या वाटेवर गेलं आणि परत आलं. यजमानांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी तिसरं सोलायला घेतलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला, वर्तमानपत्राचा कोपरा फाडला आणि त्यावर कन्नडमध्ये लिहिलं, 'डॉक्टर'.

(आमच्याकडे बोलणं मराठीत आणि लिहिणं कन्नडमध्ये असतं. आमचे पूर्वज कोणे एके काळी कापड रंगवायला म्हैसूरला आले आणि राहिले. जीभ घरची राहिली, हात शाळेचा झाला. पुण्याहून पाहुणे आले की आमची मराठी ऐकून आधी हसतात आणि मग कौतुक करतात. आम्हाला दोन्ही वेळा सारखाच राग येतो.)

आम्ही सरस्वतीपुरममध्ये राहतो, घरात दोघंच. कोपऱ्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद. मी फोनवर 'जवळचे इमर्जन्सी डॉक्टर' असं शोधलं. फोनने सांगितलं की दोन गल्ल्या पलीकडे एक आहेत आणि आत्ता उघडे आहेत. फोटो मोठा करून पाहिला तर डॉक्टरांच्या मांडीवर एक लठ्ठ मांजर होतं. मी क्षणभर यजमानांकडे पाहिलं. (खोटं कशाला सांगू, विचार आला होता.) मग आमच्या मेडिकलवाल्याला फोन केला.

"इमर्जन्सी मेडिसिनचे डॉक्टर पाहिजेत, लगेच."

"कुठली मेडिसिन, मेडम?"

"इमर्जन्सी."

"कंपनी सांगा, स्टॉक बघतो."

त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकून तो म्हणाला, "मेन रोडच्या नर्सिंग होममध्ये जा. आणि इन्शुरन्सचं कार्ड घेऊन जा. तुमचं कार्ड तिथे चालतं का ते आधी विचारा, नाहीतर पुढे घोळ होतो."

कार्ड कपाटात एका निळ्या फायलीत होतं. फायलीवर जाड अक्षरात यजमानांचं नाव लिहिलेलं, आणि ते अक्षर अक्काचं होतं. कार्डाच्या मागच्या बाजूला, मदतीसाठी संपर्क, खाली विमा प्रतिनिधीचं नाव आणि नंबर. तेही अक्काचंच.

अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, सुमित्रा. राहते विजयनगरला, रिक्षाने वीस मिनिटांवर. आणि त्या सकाळपर्यंत अडीच वर्षं आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. अक्काच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेत खाली निमंत्रण देणाऱ्यांची नावं होती. अक्काच्या दिरांची होती, त्यांच्या मुलांची होती, शिवमोग्याच्या एका चुलतभावाचंही होतं, जो कधी कुठल्या लग्नाला येत नाही. आमच्या यजमानांचं नव्हतं. मी अक्काला फोन केला. ती म्हणाली, छापखान्यात सुटलं असेल. मी म्हणाले, छापखान्यात शिवमोगा कसा नाही सुटला? ती म्हणाली, "तू खालची यादी वाचलीस. वरचं मुलीचं नाव तरी वाचलंस का?" यावर मी फोन ठेवला. लग्नाला गेले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आले. यजमान मात्र जेवून आले. त्यांनी दोनदा होळिगे वाढून घेतली, म्हणजे आपली पुरणपोळी. ज्यांच्या अपमानासाठी मी उपाशी राहिले, त्यांनी पत्रिका फक्त जेवणाचा हॉल कुठला ते बघायला उघडली होती.

आणखी एक सांगायला हवं. अक्काचे यजमान त्या लग्नाच्या वर्षभर आधी गेले होते. हॉल, आचारी, पाहुणे, सगळं ती एकटी स्कूटरवरून फिरून करत होती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी कार्ड उलटं करून पर्समध्ये टाकलं. यजमानांनी वर्तमानपत्राचा दुसरा कोपरा फाडला. 'अक्काला फोन कर.'

"नंतर बघू," मी म्हणाले आणि ती चिठ्ठीही पर्समध्ये टाकली. त्यांनी तिसरा कोपरा फाडून तेच पुन्हा लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

रिक्षात बसल्यावर मी विमा कंपनीच्या फुकट नंबरला फोन लावला. कन्नडसाठी दोन दाबा. मी दाबलं. तक्रारीसाठी चार, माहितीसाठी पाच. पाच दाबलं. मग बासरी सुरू झाली. यजमान गळा धरून बसलेले, मी फोन कानाला लावून बसलेली, आणि रिक्षाभर बासरी. पहिल्या सिग्नलला एक मुलगी बोलली.

"म्हैसूरमध्ये तुमचं कार्ड कुठल्या हॉस्पिटलात चालतं?" मी विचारलं.

"आपला पिनकोड, मेडम?"

तो सांगितला. बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग ती गोड आवाजात म्हणाली, "मेडम, आपल्या प्रतिनिधी हे लवकर सांगू शकतील. त्यांचा नंबर कार्डाच्या मागे आहे." यजमानांनी हे ऐकलं. बोलता येत नसल्यामुळे त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नुसतं पाहणं पुरतं.

नर्सिंग होममधल्या ड्यूटी डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. "खाली गेलंय, अन्ननलिकेत अडकलं असणार," ते म्हणाले. "दुर्बीण घालून काढावं लागेल, ती सोय इथे नाही. मोठ्या हॉस्पिटलला न्या, आत्ताच. आणि आता काही खायला-प्यायला देऊ नका." केळ्यांचा विषय मी काढला नाही.

मोठी हॉस्पिटलं म्हैसूरमध्ये काही कमी नाहीत. पण रविवारी दुर्बीण कुठे आणि कार्ड कुठे चालतं, ही दोन उत्तरं एकाच जागी सापडायला हवी होती. काउंटरवरचा माणूस भला होता. त्याने माझ्या हातातून कार्ड घेतलं, उलटं केलं आणि म्हणाला, "मग एजंटला विचारा ना, मेडम." मी नको म्हणायच्या आत त्याने काउंटरवरचा फोन उचलला. तो एकेक आकडा दाबत होता आणि पुढचा आकडा मला आधीच माहीत होता. अडीच वर्षांत मी तो नंबर किती वेळा अर्ध्यापर्यंत लावला होता ते मलाच ठाऊक.

त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"नमस्कार, सांगा," अक्का म्हणाली. कन्नडमध्ये, कामाच्या आवाजात. नंबर अनोळखी होता, तिला काय माहीत.

मीही कन्नडमध्येच बोलले, आणि 'आपण' म्हणून. "मी आपली एक पॉलिसीधारक बोलते आहे."

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिला कळलं हे मला कळलं. मग तिने घसा साफ केला.

"आपला पॉलिसी नंबर?"

मी कार्डावरून एकेक आकडा वाचला.

"पॉलिसी कोणाच्या नावावर आहे?"

"जयवंतराव."

"आपलं त्यांच्याशी नातं?"

"पत्नी."

"आपलं नाव?"

माझं नाव हिनेच ठेवलेलं. मी पाळण्यात होते तेव्हा ही सहा वर्षांची होती, आणि नलिनीच ठेवा म्हणून जमिनीवर लोळून रडली होती, असं आई सांगायची.

"नलिनी," मी म्हणाले. 

"सांगा नलिनीबाई, काय अडचण आहे?"

मी सांगितलं. गोळी, वेष्टन, टोचतंय.

"त्यानंतर आपण त्यांना काही खायला दिलंत का?"

"केळं."

"किती?"

"दोन."

"दोन?" अक्का म्हणाली, आणि पुढचं सगळं मराठीत आलं. "अय्यो, नली, तुझं डोकं ठिकाणावर आहे का गे? टोचणाऱ्या वस्तूवर कुणी केळी दाबतं का? बसलेत कसे ते? श्वास नीट आहे? लाळ गिळता येतेय?"

मला इतका आनंद झाला की यजमानांच्या घशात काय आहे ते मी क्षणभर विसरले. 'गे' म्हणून मला हाक मारणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. आई गेल्यावर मराठीतून मला रागावणारं दुसरं कोणी नव्हतंच. यजमान रागावत नाहीत, आणि शाळेत मला कन्नडमधून रागवायचे. आणखी थोडं रागव, असं म्हणणार होते. पण ती पुढे गेली होती.

"रिक्षा सोडू नको. रिंग रोडला ते नवं मोठं हॉस्पिटल आहे ना, तिथे ये. कॅज्युअल्टीत इमर्जन्सीचे डॉक्टर चोवीस तास असतात, रविवारीही दुर्बीणवाल्यांना बोलावून घेतात, आणि आपलं कार्ड चालतं. मी फोन करून ठेवते."

"अक्का, तू..." मी म्हणाले. फोन बंद झाला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती. अडुसष्ट वर्षांची बाई, डोक्यावर हेल्मेट, काखेत फाईल. हेल्मेट तिने काढलं नाही. मी उतरले तशी ती माझ्या शेजारून जाऊन यजमानांचा हात धरून त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवू लागली. फोनवर चुकून तोंडून मराठी गेली होती, आता समोरासमोर दोघींनाही तिची लाज वाटत होती.

"जयवंतराव, त्यांना विचारा आधार कार्ड आणलंय का," अक्का म्हणाली.

"अहो, त्यांना सांगा, पर्समध्ये आहे," मी म्हणाले.

"त्यांना सांगा, बाहेर काढून हातात ठेवा म्हणावं."

जयवंतराव खुर्चीत बसून एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या घशात एक चौकोनी गोळी होती आणि तिच्यावर एक केळं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आत एक मुलगी आली. शाळेत मी जिला बाकावर उभं केलं असेल एवढीच दिसत होती. गळ्यात स्टेथोस्कोप होता.

"डॉक्टर कधी येतील?" मी विचारलं.

"आले. मीच."

"इमर्जन्सी मेडिसिनच्या?"

"हो."

मी कार्ड पुढे केलं. "हे चालतं का इथे?"

"आधी हे चालतात का ते बघू दे, मग कार्डाचं बघू," ती म्हणाली आणि यजमानांच्या बोटाला चिमटा लावला. पाच मिनिटांत तिने श्वास पाहिला, छातीचा आवाज ऐकला, मान दाबून पाहिली, सुई लावली आणि दुर्बीणवाल्या डॉक्टरांना फोनही केला. श्वास ठीक होता, वेष्टन अन्ननलिकेतच होतं, पण कोपरे टोकदार असल्यामुळे थांबून चालणार नव्हतं. नळीला भोक पडू शकतं, असं तिने सरळ सांगितलं. तोपर्यंत माझ्या मनात हे सगळं घोटाळ्यासारखं चाललं होतं. त्या वाक्यानंतर मी यजमानांच्या खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"पट्टी अशी एकेक कुणी कापली?" तिने विचारलं.

मी खाली पाहिलं.

"आमच्या घरात सगळेच कापतात, डॉक्टर," अक्का हेल्मेटमधून म्हणाली. "आमच्या आईची सवय. मीसुद्धा कापते."

डॉक्टर म्हणाली, "आजपासून दोघींनी बंद करा." शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच आम्हा दोघींना एकत्र बोलणी बसली.

यजमानांना आत नेईपर्यंत विम्याचा फॉर्म भरायचा होता. काउंटरवरचा तरुण फार काटेकोर होता.

"अपघात की आजार?"

"अपघात," अक्का म्हणाली.

"गोळी जाणूनबुजून गिळली का?"

"गोळी जाणूनबुजून, वेष्टन चुकून," मी म्हणाले.

"चूक कशी झाली?"

"चष्मा नव्हता."

"चष्मा कुठे होता?"

"माझ्या पदरात."

तो लिहू लागला. "ते लिहू नका," अक्का म्हणाली.

"गोळीचं नाव?"

मी नाव सांगितलं.

"ती नव्हे," अक्का कागदावरून डोळे न काढता म्हणाली. "ती मागच्या महिन्यात बंद केली. आता निम्म्या ताकदीची आहे."

तिचं बरोबर होतं. मी घाबरून जुनं नाव सांगितलं होतं. तरुणाने लिहून घेतलं. मी अक्काकडे वळले, आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून सरळ तिला विचारलं.

"तुला कसं माहीत?"

अक्का हेल्मेटचा पट्टा सोडवू लागली. "बोलण्यात आलं."

"कुणाच्या?"

"जयवंतरावांच्या."

"ते तुला कुठे भेटले?"

"वाचनालयात."

"तू वाचनालयात कधीपासून जायला लागलीस?"

"वाचनालयासमोर कॉफी चांगली मिळते," अक्का म्हणाली.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमचे यजमान वाचनालयात जातात. जाताना पिशवी नेतात आणि पुस्तक न आणता परत येतात. आवडीचं मिळालं नाही म्हणतात. मला त्यांच्या चोखंदळपणाचा अभिमान होता. त्या पिशवीतून माझ्या चकल्या जात होत्या, माझं तांबडं तिखट जात होतं, आणि येताना लिंबाचं लोणचं येत होतं. मंडी मोहल्ल्यातल्या एका दुकानाचं, असं ते मला सांगायचे. दोन वर्षं मी ते लोणचं खात होते. शेजारणीला सांगितलंही होतं की बघा, दुकानाचं असून अगदी आमच्या आईच्या हातासारखं लागतं. एकदा तर ते खाताना मला रडू आलं होतं आणि मी तिखटावर ढकललं होतं. यजमान समोरच बसले होते. त्यांनी नुसता पाण्याचा पेला पुढे सरकवला होता.

मी तडक त्यांच्याकडे गेले. ते दुर्बिणीच्या खोलीबाहेर स्ट्रेचरवर पडले होते, हिरवा झगा घालून.

"दर पहिल्या शनिवारी?" मी म्हणाले. "ज्यांनी तुमचं नाव गाळलं, त्यांच्याबरोबर कॉफी?"

त्यांनी नर्सकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं, 'मला बोलता येत नाही.' इतकं सुवाच्य अक्षर त्यांनी जन्मात काढलं नव्हतं. मग कागद परत घेतला, खाली आणखी एक ओळ लिहिली आणि त्यांना आत घेऊन गेले. 'ती दर वेळी आधी तुझंच विचारते.'

दार बंद झालं. बाहेर तीन खुर्च्या होत्या. एका टोकाला अक्का बसली, दुसऱ्या टोकाला मी, मधल्या खुर्चीवर हेल्मेट. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. अडीच वर्षांपूर्वी काळे होते, निदान रंगवलेले तरी होते. आमच्या घराण्याचा धंदाच रंगाचा, आणि ही बाई सगळं सोडून बसली होती. कुणासाठी रंगवायचे, असं तिला वाटलं असेल. मला विचारलं असतं तर मी ओरडले असते की माझ्यासाठी रंगव. पण मी विचारायच्या अंतरावर कुठे होते? नळीला भोक पडू शकतं, हे वाक्य डोक्यात घोळत होतं. ते आत होते आणि मला त्यांचीही काळजी वाटत होती, आणि हिचीही.

अक्का म्हणाली, "केस बघ जरा."

सकाळी मी केस धुवून मोकळे सोडले होते, ते तसेच होते. मी तशीच रिक्षात, तशीच नर्सिंग होममध्ये आणि तशीच इथे आले होते. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, हेही मला तेव्हाच दिसलं.

तिने हेल्मेट उचलून जमिनीवर ठेवलं आणि मधल्या खुर्चीकडे बोट केलं. मी सरकले. तिने माझी पाठ आपल्याकडे फिरवली आणि केसांचे तीन भाग केले. लहानपणी शाळेत जाताना माझ्या वेण्या हीच घालायची, आणि इतक्या घट्ट घालायची की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या. शाळेच्या प्रत्येक फोटोत मी कुठल्या तरी बातमीने थक्क झालेली दिसते. हातात तेवढंच बळ अजून होतं. समोरून जाणारा एक वॉर्डबॉय दोन म्हाताऱ्यांचा हा कार्यक्रम बघत भिंतीला जवळजवळ धडकला.

"पत्रिका मी वाचलीच नव्हती," मागून अक्का म्हणाली. "असलं सगळं तुझे भावोजी वाचायचे. चुका काढायचे. मी नुसती जाऊन गठ्ठा घेऊन आले."

"अक्का, मी तेव्हा उगाच..."

"डोकं हलवू नको."

मी डोकं हलवलं नाही. माफी मागायचा माझा सगळा कार्यक्रम तेवढ्यात आटोपला. पुढचं मनात राहिलं, पण तिने वेणी शेवटपर्यंत घातली आणि टोकाला बांधायला आपल्या फायलीचा रबर काढून दिला.

दार उघडलं. ती लहानगी डॉक्टर दुर्बीणवाल्या डॉक्टरांबरोबर बाहेर आली. हातात एक छोटी बाटली, तिच्यात चंदेरी चौकोन, गोळीसकट, अजून शाबूत. गोळी खरोखरच सादळली नव्हती. अन्ननलिकेला दोन ओरखडे होते, बाकी काही नाही. विमा कंपनीची मंजुरीही आली होती.

"संध्याकाळी घरी न्या," डॉक्टर म्हणाली. "दोन दिवस पातळ खायला द्या."

मला हायसं वाटलं. देवाला मनातल्या मनात हात जोडले. आणि लगेच दुसरं काहीतरी वाटलं. संध्याकाळी आम्ही सरस्वतीपुरमला जाणार, ही विजयनगरला जाणार, आणि मधल्या खुर्चीवर पुन्हा हेल्मेट येणार.

"डॉक्टर," मी म्हणाले, "एक दिवस ठेवून घेता येणार नाही का?"

"का? त्यांना काही त्रास होतोय?"

"नाही. असंच. देखरेखीला."

आतून स्ट्रेचरवरून यजमानांनी मान उचलून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरने अक्काकडे पाहिलं. अक्काने फाईल मिटली.

"पॉलिसीत बसत नाही," ती म्हणाली. "कारण काय लिहू? बहिणीशी बोलून झालं नाही?"

असं म्हणाली आणि संध्याकाळी ती आमच्या रिक्षामागून स्कूटर घेऊन घरी आली. यजमानांना तिने स्वतः रव्याची पातळ पेज करून दिली, आणि माझी कात्री कुठे आहे ते विचारून ती आपल्या पिशवीत टाकली.

आता ती दर आठवड्याला येते, पण कामाची बाई आहे, नुसती बसत नाही. बसवायची तर काम काढावं लागतं. म्हणून गेल्या महिन्यात मी तिच्याकडून आणखी एक पॉलिसी घ्यायची ठरवली. ती पाय घसरून पडणाऱ्यांसाठी आहे, की परदेशी जाणाऱ्यांसाठी, ते मी अजून वाचलेलं नाही. तिच्यात पानं मात्र भरपूर आहेत, प्रत्येक पानावर सही लागते, आणि मी सही अगदी सावकाश करते. एखादी सही जुळली नाही तर अक्काला नवा कागद घेऊन पुन्हा यावं लागतं. जन्मभर मुलांना 'अक्षर नीट काढा' म्हणून छड्या मारलेली मी बाई, परवा एका बैठकीत स्वतःचंच नाव चार वेळा चुकवलं.